आठ जीबीचा धवला

खारदेवलीत कुणी बेसूर गायलं, तर लोक त्याला विचारतात, "काय रं, कमलीकडं शिकाया जातंस काय?" हा विनोद चाळीस वर्षं जुना आहे आणि चाळीस वर्षं लोक त्याला तस्सेच हसतात. खुद्द कमळही हसते. न हसून सांगते कुणाला! शाळेत एकदा गुरुजींनी तिला प्रार्थनेला पुढं उभं केलं होतं, धवलारणीची पोर म्हणून मोठ्या कौतुकानं, आणि दुसऱ्या ओळीलाच हात जोडून मागं पाठवलं होतं. त्या दिवशी कमळनं गाण्यापुरतं तोंड मिटलं ते मिटलंच.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कारण तिची आई नीराबाई म्हणजे पेण-पोयनाडच्या खारपट्ट्यातल्या पाच गावांची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून येतो, आधी धवलारीण येते. ती मांडवात बसून धवला गाते, म्हणजे लग्नाची गाणी: मांडव घालायचं वेगळं, हळद दळायचं वेगळं, उंबराच्या फांदीचं वेगळं. आणि सगळ्यांच्या आधी आवतान. एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, आणि देव झाले की घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलवायचं, की बाबांनो, घरात कार्य हाय, या. नाव घेतलं की ती माणसं मांडवात येतात. नाव राहिलं की दाराबाहेर उभी राहतात, असं नीराबाई सांगायची. तुम्ही मानू नका हवं तर. पण तिनं दोन्ही डोळे मिटून आवतान सुरू केलं, की मांडवातली दारू प्यालेली माणसंसुद्धा टोप्या सारख्या करून बसत, हे मी म्हणत नाही, अख्खा खारपट्टा म्हणतो.

गळा नव्हता, पण कमळला बोटं होती. वय बावन्न, दहावी पास, पोयनाडला टायपिंग शिकलेली. ती लग्नपत्रिका लावते. आगरी पत्रिका म्हणजे काय प्रकरण असतं, ते माहीत नसेल तर एकदा तिच्या दारात उभं राहून बघा. नवरा-नवरी दोन ओळींत उरकतात आणि मग सुरू होते भावकी: आजे, पणजे, चुलते, मामे, मावसे, आत्यांचे जावई. एक नाव सुटलं की तो माणूस लग्नाला येत नाही. नुसता येत नाही असं नाही, तीन वर्षं पत्रिकावालीशी बोलतही नाही. कमळच्या हातून आजवर एकही नाव सुटलेलं नाही. हे काम ती करते पोयनाडच्या एका बंद पडलेल्या क्लासातून दहा वर्षांपूर्वी आणलेल्या कॉम्प्युटरवर. तिचा नवरा काळूराम टेम्पो चालवतो आणि त्या कॉम्प्युटरला 'सवत' म्हणतो.

आता त्या सवतीच्या पोटात काय होतं ते सांगतो, कारण सगळा जीव तिथंच अडकलाय.

नऊ वर्षांपूर्वी कमळच्या मनानं घेतलं, की आईचा धवला रेकॉर्ड करून ठेवायचा. शिकायला कुणी पोर येत नव्हती. नीराबाईनं आधी साफ नाही म्हटलं. तिची गुरू मनुबाई. मनुबाईनं तिच्या पदरात भात ओतून वचन घेतलं होतं, की धवला एकीच्याच पदरात घालायचा, दोघींना वाटायचा नाही. मग मशीनला कसा द्यायचा? कमळ आठ दिवस मागं लागली. शेवटी म्हातारी म्हणाली, "दीन. पन तो एकाच ठिकानी ऱ्हायला पायजे. आनि त्या डब्याला पदर कुठं हाय?" आणि तिनंच उठून आपल्या एका जुन्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला आणि कॉम्प्युटरवर घातला. तेव्हापासून त्या डब्यावर तो पदर आहे. धूळ बसत नाही, हा वर फायदा.

कमळ वचनाला पक्की. फोनवर रेकॉर्ड करायची, संध्याकाळी कॉम्प्युटरमध्ये उतरवायची आणि फोनमधलं पुसून टाकायची. भात एका सुपातून दुसऱ्या सुपात ओतला, की पहिलं सूप रिकामं, असं तिचं साधं गणित. अशी पाच वर्षांत एकतीस तास गाणी जमली. मग एके दिवशी तिचा धाकटा भाऊ जीवन, उरणच्या बंदरातून कंटेनर ओढायचा तो, अंगणात चहा पिता पिता गेला. हातातला कप खाली ठेवला आणि गेला. त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतर नीराबाईनं गाणं सोडलं, आणि दोन वर्षांनी लकव्यानं तिचा आवाजच नेला. आता ती खाटेवर असते. बोलते, पण नुसती हवा. कान तोंडाशी न्यावा लागतो.

आणि या वैशाखात जीवनच्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं.

प्राप्ती नव्या मुंबईत नर्स आहे. लग्नाला नऊ दिवस उरलेले असताना ती आत्याच्या पुढ्यात येऊन बसली. "आत्या, हळदीला डीजे लावा, बँजो लावा, मला प्रॉब्लेम नाही. पण मांडव घालतात त्या सकाळी मला आजीचा धवला पाहिजे. पप्पा बोलले होते, तुझ्या लग्नात माझी आई गाणार. आजी नाय गाऊ शकत तर तिचा आवाज तरी पाहिजे. तुझ्याकडे आहे ना?"

"हाय ना," कमळ म्हणाली. "तू काळजी करू नको."

माणूस असं पटकन बोलून बसतो आणि मग त्याला घाम फुटतो. गाणी होती, पण ती कशी? कुठं मध्येच कोंबडा आरवतोय, कुठं काळूराम टेम्पो चालू करतोय, आवतान तीन वेगवेगळ्या दिवशी तुकड्यातुकड्यानं गायलेलं. सगळं साफ करून, जोडून, पाऊण तासाचा एक सलग धवला करायला हवा होता. कमळनं आवाजाचं सॉफ्टवेअर उघडलं, पहिली मोठी फाइल घेतली, आणि पडदा पांढराफटक. पाच मिनिटांनी इंग्रजीत चिठ्ठी आली, की मेमरी पुरत नाही. परत केलं. परत चिठ्ठी. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर बंदच पडला.

पेणेत चंदर नावाचा एक दुरुस्तीवाला आहे. हुशार, पण घाईतला; तुमचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर तयार. कमळनं फोन केला. "ताई, डिस्क म्हणजे तुमची कणगी. रॅम म्हणजे सूप. कणगीत भात कितीही असू दे, पाखडायला सुपात मावेल तेवढाच घेता येतो. तुमचं सूप दोन जीबीचं आहे. आठ करा, विषय संपला." कमळ त्याच दुपारी एसटीनं पेणेला गेली आणि चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन आली. बोटाएवढ्या रुंद, हिरव्या. काळूरामनं उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाला, "यवढ्याशा फरसानात काय होनार?"

पट्ट्या तिनं स्वतःच बसवल्या. हातातल्या पाटल्या काढल्या, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, व्हिडिओत सांगितलं होतं तसं. जुनी पट्टी काढली, नव्या दोन घातल्या. चालू केलं तर डबा टीं टीं टीं ओरडायला लागला. पण बाई धीराची. परत उघडलं, अंगठ्यानं जोर दिला, दोन्ही बाजूंनी टक् टक् वाजलं, आणि मशीन गपगुमान सुरू झालं. तिनं माहितीचं पान उघडलं. बसवलेली मेमरी: आठ जीबी. वा! आणि शेजारी कंसात: वापरता येण्याजोगी, सव्वातीन.

तिनं चष्मा पुसला. सव्वातीनच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! फाइल उघडली तर अर्ध्यापर्यंत गेली आणि पुन्हा तीच चिठ्ठी.

"अरे देवा," चंदर फोनवर म्हणाला. "ताई, तुमचं विंडोज बत्तीस बिटचं आहे. विचारायला विसरलो, माझी चूक." चूक कबूल करणारा दुरुस्तीवाला तुम्ही कधी पाहिलाय? म्हणून कमळ चिडू शकली नाही. त्यानं समजावलं. मेमरी म्हणजे सगळी लहान लहान घरं, आणि विंडोज प्रत्येक घराला नंबर देतं. नंबर असेल त्याच घरात त्याला काही ठेवता येतं. या जुन्या विंडोजचे नंबर चार जीबीला संपतात. त्यातलेही थोडे पडद्याच्या कार्डाला आणि बाकीच्या भागांना जातात. हाती राहतात सव्वातीन.

"मग उरलेले पावणेपाच?"

"बसलेत आत. चांगले आहेत. पण विंडोजच्या लेखी ते नाहीतच. चौसष्ट बिटचं टाकलं की सगळे दिसतील, तुमच्या मशीनला चालतं. मी उद्या येतो. मात्र एक आहे, ते जुन्यावर चढत नाही. जुनं काढावं लागतं, डिस्क पूर्ण साफ. बॅकअप आहे ना तुमचा?"

कमळनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई? दुसरी कॉपी?"

"न्हाय."

"एकतीस तासांची एकच कॉपी? दहा वर्षं जुन्या डिस्कवर?" चंदर जवळजवळ ओरडलाच. "आमच्या पेणला गणपतीचा साचासुद्धा कुणी एकच ठेवत नाही, ताई! आधी कॉपी करा. आजच. ती डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही."

"तसं करता येत न्हाय," कमळ म्हणाली आणि वचनाची गोष्ट सांगितली.

चंदरनं तिला शेवटपर्यंत बोलू दिलं, हेच मुळात नवल. मग हळूच म्हणाला, "आईला कोण सांगतंय?"

तसं पाहिलं तर खरंच होतं. नीराबाई दोन गल्ल्या पलीकडं, जीवनच्या घरी, खाटेवर. तिला कॉपी कळणार कुठून? कमळनं काळूरामची पेनड्राइव्ह, त्यात त्याची भजनं होती, कॉम्प्युटरला लावलीसुद्धा. फोल्डरवर बाण नेला. आणि तिचा हात चालेना. आयुष्यभर तिनं आईकडून एकच गोष्ट घेतली होती, हे वचन. गाणं तर आईनं तिला कधी दिलंच नव्हतं. तेही मोडलं, तर तिच्याकडं धवलारणीची मुलगी म्हणून राहिलं काय? तिनं पेनड्राइव्ह काढली. दोन दिवस तशीच बसून राहिली. पत्रिका लावल्या, भाकऱ्या भाजल्या, आणि येता-जाता त्या हिरव्या पदराकडं बघत राहिली. डिस्क आतून कर्र कर्र करायची, की ही हातातलं काम टाकून कान द्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आईकडं गेली. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. नीराबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती.

"आये, एक सांगायचाय," कमळ म्हणाली आणि सगळं सांगितलं. सव्वातीन आणि पावणेपाचसकट. म्हातारीला यातलं काय कळणार, असं मनात धरूनच सांगितलं.

नीराबाईनं बोटानं तिला जवळ बोलावलं. कमळनं कान तिच्या तोंडाशी नेला.

"बाकीचं कुठं हायत म्हनतंस?"

"आतच हायत. पन त्याला त्यांचा नंबर घेता येत न्हाय."

"म्हंजी आवतानच न्हाय." म्हातारीला कशाचंही नवल वाटलं नाही. "नाव घेतला न्हाय तर येतील कशे? त्या डब्यातली धवलारीन जुनी हाय, कमले. तिला तीन वाड्यांचीच नावा येतान. दुसरी आन."

चंदरला जे सांगायला पाऊण तास लागला, ते हिनं खाटेवर बसून तीन वाक्यांत उरकलं!

"दुसरी आनली तर पयलीच्या पदरातला सगला जानार, आये. आधी दुसरीकडं उतरून ठेवायला लागल. दोन ठिकानी. आनि तुझा नेम..."

नीराबाईनं डोळे मिटले. कमळला वाटलं, झालं, आता ही रागावली. अंगणात कुणीतरी बांबूला खड्डा खणत होतं. मग म्हातारी बोलू लागली, थांबत थांबत, आणि कमळ ओठांशी कान लावून एकेक शब्द वेचत राहिली.

"मनुबाईकडं आमी अकरा पोरी जायचो. अकरा. वरून भांडना. ही म्हन मना दे, ती म्हन मना दे. म्हनून तिनी नेम केला, एकीलाच. माज्याकडं कोन आली? एक न्हाय आली. मागनाऱ्या अकरा व्हत्या तवाचा नेम मी रिकाम्या घरात पालत बसलू." तिनं दम घेतला. "आनि येक पोर घरातच व्हती. तिचा गला बघला, पोर न्हाय बघली. चुकलू मी."

कमळच्या डोळ्यांना धार लागली. बावन्न वर्षांची बाई, जिच्या आवाजावर अख्खं गाव हसतं आणि जी स्वतः त्यांच्याबरोबर हसते, ती आईच्या खाटेच्या काठावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. नीराबाईचा एकच हात चालतो. तो तिनं लेकीच्या पाठीवर ठेवला. "रडू नको. जा, उतरून घे. दोन ठिकानी न्हाय, धा ठिकानी घाल."

कमळ घरी पळाली, अक्षरशः. काळूरामची भजनं उडाली, त्याला अजून माहीत नाही. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक चंदरनं आणलेल्या बाहेरच्या डिस्कवर, एक प्राप्तीच्या लॅपटॉपवर. तिन्ही ठिकाणी उघडून, ऐकून बघितल्यावरच तिनं चंदरला मान डोलावली. मग त्यानं जुनं विंडोज पुसलं. पदर काढून कमळनं मांडीवर घेतला होता आणि त्याची घडी घालत, मोडत ती बसली होती. टक्के चढत होते. दोन तासांनी नवा पडदा उजळला. चंदरनं माहितीचं पान उघडलं. आठ. आणि कंसात सात पूर्णांक नऊ.

"आले!" कमळ ओरडली.

पण आवाजच येईना. मशीन मुकं. "हे रे काय, चंदर? आवतान झाला आनि धवलारीनच मुकी?" "थांबा हो ताई, आवाजाचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय," म्हणत त्यानं आणखी पाऊण तास खटपट केली, आणि मग एकदम, स्वच्छ, सगळ्या घरभर नीराबाईचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज घुमला. पन्नास मिनिटांची फाइल पापणी लवायच्या आत उघडली होती. चंदरच्या अंगावर काटा आला. तसं तो कबूल करत नाही, पण त्यानं बाही खाली ओढलेली कमळनं पाहिली.

उरलेले दिवस कमळनं कानाला हेडफोन लावून काढले. कोंबडा कापला, टेम्पो कापला. एका ठिकाणी जीवनचा आवाज होता, लांबून, "आये, चा झाला गो!" ते मात्र तिनं कापलं नाही. कापवेना. हळद, उंबर, मांडव, सगळं ओळीत बसलं. मग राहिलं आवतान. देवांचं जोडून झालं. पितरांचं लावलं. नीराबाईचे सासरे, आजेसासरे, कमळ-जीवनचे वडील, एकेक नाव येत गेलं आणि संपलं. पुढं उंबराचं सुरू झालं.

कमळनं फाइल थांबवली. मागं नेली. परत ऐकली.

जीवनचं नाव नव्हतं. असणार कसं? रेकॉर्ड केलं तेव्हा तो मागं चहा करत होता. पत्रिकेत एकही नाव न चुकवणाऱ्या बाईच्या हे लक्षात यायला मांडवाचा आदला दिवस उजाडला. मांडवात देव येणार, आजे-पणजे येणार, आणि ज्या पोराच्या लेकीचं लग्न, तोच दाराबाहेर उभा राहणार.

एकतीस तासांत गाण्यांच्या मध्ये जिथं बोलणं होतं, त्या जागा तिनं धुंडाळल्या. आईच्या तोंडून 'जीवन' कुठं येतंय का? आलं, एकदाच. "जीवन, तो रेडू बंद कर मेल्या!" कमळनं त्यातलं नाव कापून ओळीत बसवून पाहिलं. मेलेल्या माणसाला मांडवात बोलवायचं, तेही खेकसून? तिला हसूही आलं आणि रडूही आलं. तिनं ते पुसलं. शेवटी तिनं पितरांच्या ओळींमागं एका ओळीएवढी जागा कोरी सोडली. आई उद्या निदान ओठ हलवील, तेवढं पुरे, असं मनाला समजावलं आणि फाइल बंद केली.

दुसऱ्या सकाळी मांडव उभा राहिला. उंबराची फांदी बांधली. नीराबाईला खुर्चीत बसवून मांडवाच्या मध्यभागी आणलं, शेजारी पाटावर प्राप्ती. कॉम्प्युटरही आणला होता. कमळनं त्याच्यावर हिरवा पदर घातला होता आणि स्पीकर मांडवाच्या खांबाला टेकवले होते. डीजेवाली पोरं कोपऱ्यात वाकुल्या दाखवत उभी होती. कमळनं बटण दाबलं.

"आवतान धाडलाय गावदेवी आईला, मांडवी यावा जी..."

पोरं गप्प झाली. बायकांनी पदर डोक्यावरून घेतले. काही म्हाताऱ्या आपसूक झेल धरू लागल्या, म्हणजे ओळीचं शेपूट मागून म्हणू लागल्या, "यावा जी, यावा जी." नीराबाई आपलाच आवाज मान खाली घालून ऐकत होती. देव झाले. पितरं सुरू झाली. पणजोबा आले, आजोबा आले.

आणि मग ती कोरी जागा आली.

स्पीकर गप्प. कुणाला वाटलं, लाइट गेली. प्राप्तीनं मान वर केली, तिला नेमकं कळलं होतं कुठलं नाव राहिलंय. तिचा चेहरा बघवत नव्हता. नीराबाईचे ओठ हलले. नुसती हवा. तिनं पुन्हा जोर केला, गळ्याच्या शिरा ताणल्या. हवाच. मग तिनं मान वळवली, चालणारा हात उचलला आणि कमळच्या गुडघ्यावर मारला. एकदा. परत एकदा, जोरात.

कमळनं फाइल थांबवली. अख्खा मांडव तिच्याकडं बघत होता, तोच गाव, चाळीस वर्षं हसणारा. तिनं डोळे मिटले. एकतीस तास ऐकलेली चाल होती, शोधावी लागली नाही.

"आवतान धाडलाय जीवन भाऊला, मांडवी यावा जी..."

आवाज चिरका, फाटका, पहिल्याच सुरात घसरलेला. गुरुजी असते तर त्यांनी हात जोडले असते. पण नाव स्वच्छ उमटलं, एक अक्षर चुकलं नाही. मांडवात कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एका म्हातारीनं झेल धरला, "यावा जी, यावा जी," आणि मग सगळ्या बायकांनी धरला, आणि प्राप्ती दोन्ही हातांत तोंड लपवून रडत रडत तेच म्हणत होती.

झेल संपला. कमळनं भीत भीत आईकडं बघितलं. नीराबाई मांडवाच्या दाराकडं बघत होती. तिनं बोटानं लेकीला जवळ ओढलं, आणि कमळनं कान तिच्या ओठांशी नेला.

"आला," म्हातारी म्हणाली. "आता फुडचा लाव."